सर्क द्यु सोलेचे पोशाख आणि रंगभूषा

प्रश्न : 2018 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत सर्क द्यु सोले या कॅनडातील सर्कस कंपनीचा ‘बझार’ हा प्रयोग पाहिला, तेव्हापासून एक कुतूहल मनात आहे. कलाकार उंचावर उलटे लोंबकळत असतानाही त्यांचे भरजरी दिसणारे कपडे कोठे अडकत वा ओढले जात नाहीत, आणि घामाने चेहऱ्यावरचा रंगही ओघळत नाही. हे कसे साधत असावे?

प्रतिसाद 1 : त्यांचे पोशाख मॉन्ट्रियल येथील स्वतःच्या कार्यशाळेत प्रत्येक कलाकाराच्या मापाने शिवले जातात. जे कापड आपल्याला जड वाटते, ते बहुधा ताणले जाणारे, हलके कापडच असते. त्यावरील छपाई आणि रंगकाम इतके कुशल असते की दुरून ते जरीचे भासते. टोप आणि मुखवटे नेमके बसावेत म्हणून कलाकाराच्या डोक्याचेही माप घेतले जाते.

प्रतिसाद 2 : मला सर्वाधिक आदर वाटतो तो रंगभूषेबद्दल, कारण बहुतेक कलाकार ती रोज स्वतःच करतात. ती त्यांना टप्प्याटप्प्याने शिकवली जाते. रंगाच्या थरावर पावडर दाबून बसवल्यामुळे तो घामातही टिकतो. आपल्याकडील दशावतारातील नटही स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवतात, त्यामुळे ही शिस्त मला फार ओळखीची वाटली.

प्रतिसाद 3 : लास व्हेगासमधील ‘ओ’ (1998) हा त्यांचा पाण्यातला प्रयोग आवर्जून पाहावा. डॉमिनिक लेमियू यांनी त्यासाठी केलेले पोशाख पाण्यात भिजूनही देखणे राहतात.