शब्दचर्चा: हॉप्सचा ‘उतारा’ म्हणता येईल का?

मूळ प्रश्न

मी ओरेगनमध्ये असतो. अमेरिकेत घरापुरती बिअर करायला 1978 च्या केंद्रीय कायद्याने मुभा मिळाली आणि इथे हा छंद चांगलाच रुजला आहे. आमच्यातले चार-पाच मराठी लोक बिअरस्मिथ नाहीतर ब्रूफादर हे सॉफ्टवेअर वापरून कृती आखतात. त्यांच्यासाठी कडवटपणाच्या हिशोबावर मराठीत टिपण लिहायला घेतलं आणि ‘युटिलायझेशन’पाशी अडलो.

हॉप्समध्ये, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांत, अल्फा आम्लं असतात. ती नुसती टाकून कडू लागत नाहीत, फारशी विरघळतही नाहीत. उकळीत त्यांची रचना बदलते, तेव्हा ती द्रवात उतरतात. टाकलेल्यापैकी किती टक्के अशी उतरली, तो हा आकडा. ‘वापर’ लिहिलं तर वाचणारा समजतो, हॉप्स किती ग्रॅम टाकले ते. ‘उपयोजन’ कुणी बोलत नाही. आणि ‘बिटरनेस’ला कडूपणा, कडवटपणा की कटुता?

प्रतिसाद 1

तुमच्या वाक्यातच उत्तर आहे. तुम्ही दोनदा ‘उतरतात’, ‘उतरली’ असं लिहिलंत. मग ‘उतारा’ म्हणा. सांगली-कोल्हापूरकडे साखर उतारा लहान पोरालाही कळतो. ऊस किती गाळला हे एक आणि त्यातून साखर किती हाती आली हे दुसरं.

एक काळजी मात्र घ्या. साखर उतारा उसाच्या वजनावर काढतात, उसातल्या साखरेवर नाही. तुमचा टक्का आम्लावरचा आहे, हॉप्सच्या वजनावरचा नाही. म्हणून ‘अल्फा उतारा’ असा जोडशब्द करा. 5 टक्के अल्फाच्या हॉप्सचा अल्फा उतारा 23 टक्के आला, तर हॉप्सच्या वजनावर तो जेमतेम 1.15 टक्के होतो. दोन्हींची सरमिसळ झाली की सगळा हिशोब कोसळेल.

प्रतिसाद 2

शब्द गोड आहे, पण दारूच्या संदर्भात ‘उतारा’ म्हटलं की आधी आठवतो तो रात्रीची चढलेली सकाळी उतरवायचा उपाय! शिवाय विषावरचा उतारा, सातबाराचा उतारा, नारळ-लिंबू ओवाळून टाकतात तो उतारा. गोंधळ नको म्हणून ‘अल्फा’ शब्द दरवेळी सोबत ठेवाच.

‘कटुता’ मात्र टाळा. आयुर्वेदाच्या सहा रसांत कटु म्हणजे तिखट आणि कडू तो तिक्त. आपला ‘कडू’ शब्द मात्र कटुकवरून आला. आणि आज मराठीत कटुता येते ती भावाभावांत, पेल्यात नाही. कारलं कडू, तोंडात मागे रेंगाळतो तो कडवटपणा. बिअरला कडवटपणाच शोभतो.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. ‘अल्फा उतारा’ घेऊन टिपणातलं उदाहरण पुन्हा लिहून पाहिलं आणि ते पहिल्यांदाच सरळ वाचता आलं:

20 लिटर वर्ट (आंबवण्याआधीचा माल्टचा गोड रस), घनता पाण्याच्या 1.050 पट, 5 टक्के अल्फाचे 30 ग्रॅम हॉप्स. म्हणजे आम्ल 1500 मिलिग्रॅम, लिटरला 75. टिन्सेथच्या सूत्राने (कडवटपणाचा अंदाज काढायचं एक सूत्र) 60 मिनिटांच्या उकळीला अल्फा उतारा 23.1 टक्के, म्हणून कडवटपणा 17.3 आयबीयू (बिअरचा कडवटपणा मोजायचं एकक). तेच हॉप्स शेवटच्या 10 मिनिटांसाठी टाकले तर उतारा 8.4 टक्के आणि आयबीयू 6.3. वर्ट दाट, म्हणजे 1.070 असेल तर 60 मिनिटांनाही उतारा 19.3 वर येतो.

आता आणखी एक शब्द: ‘अचूक’. सॉफ्टवेअर 17.3 दाखवतं म्हणून लोक त्याला अचूक म्हणतात. मला हे खुपतं. प्रयोगशाळेत बिअरमधून आयसोऑक्टेनने कडू द्रव्यं वेगळी काढतात, 275 नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो ते पाहतात आणि त्याला 50 ने गुणतात. ते मोजमाप. सॉफ्टवेअरचा आकडा हा अंदाज. त्याच कृतीला टिन्सेथऐवजी रेगरचं सूत्र लावलं की आकडा बदलतो, बिअर तीच राहते.

प्रतिसाद 1

मग ‘आडाखा’ म्हणा. आडाख्याला अनुभवाचा आधार असतो, नुसता अंदाज हवेतलाही असू शकतो. आणि आडाखा ‘अचूक’ नसला तरी ‘काटेकोर’ असू शकतो, म्हणजे दरवेळी त्याच मापांनी, त्याच पद्धतीने काढलेला.

मूळ प्रश्नकर्ता

काटेकोर! हाच शब्द हवा होता. टिपणात तसंच लिहितो: एकच सूत्र धरा आणि मधेच बदलू नका. पुड्यावर छापलेला अल्फाचा टक्का भरा. कॅस्केड जातीच्या हॉप्समध्ये तो साधारण साडेचार ते सात टक्क्यांत कुठेही असतो, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेला आकडा तसाच ठेवला तर 17 चे 24 होऊ शकतात. लिटर कोणत्या टप्प्याचे भरता, उकळीनंतरचे की बाटलीत भरायचे, तेही ठरवून ठेवा.

एक शब्द अजून बाकी आहे. आच बंद केल्यावर हॉप्स टाकून झाकून ठेवतात. टिन्सेथच्या सूत्रात ती वेळ शून्य मिनिटं, म्हणून कडवटपणाही शून्य. प्रत्यक्षात वर्ट 80-85 अंशांच्या खाली येईपर्यंत थोडा उतारा मिळतच राहतो. झाकल्या चहासारखं याला ‘मुरवणं’ म्हणू का? की मुरवणं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे लोणच्याची बरणीच येईल?

प्रतिसाद 2

लोणचंच येईल, आणि लोणचं गार मुरतं. ‘झाकण देणं’ कसं वाटतं? झाकणाखालची दहा मिनिटं, असं लिहिलंत की उष्णता आत कोंडलेली आहे हेही कळतं.