एकत्र जेवलं की पोरं बिघडत नाहीत म्हणे!

उरलेलं_ताट
परवा इथे एकीने लिहिलंय, "आठवड्यातून पाच वेळा सगळे एकत्र जेवा, तुमचं पोर व्यसनाला लागणार नाही, मार्क वाढतील, डिप्रेशन जवळ फिरकणार नाही." खाली नुसता बदामांचा पाऊस. मी ते वाचलं रात्री साडेदहाला, कामावरून येऊन, एकटीने जेवताना. तेव्हापासून डोकं फिरलंय.

हे "पाच वेळा" आलं कुठून ते तरी बघा. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या व्यसनांवरच्या केंद्राने १२ ते १७ वर्षांच्या पोरांना फोन करून विचारलं, घरच्यांबरोबर किती वेळा जेवता आणि दारू सिगरेट किती. पाच ते सात वेळा जेवणारे एका बाजूला, तीनपेक्षा कमीवाले दुसऱ्या बाजूला. फरक दिसला, नाही म्हणत नाही. पण ज्या घरात रोज ठरल्या वेळी सगळे बसू शकतात त्या घरात कोणाला रात्रपाळी नाही, दुसरी नोकरी नाही, नवरा बायको निदान एका खोलीत तरी थांबतात. मग गुण जेवणाचा की घराचा?

२०१२ मध्ये म्युझिक आणि मायर या दोन समाजशास्त्रज्ञ बायकांनी जवळपास १८,००० पोरांच्या माहितीत घरचं वातावरण, आईबापांशी नातं वगैरे सगळं धरून हिशेब केला. फायदा बराच आटला. थोडा टिकला, पण पोरं मोठी झाल्यावर जेवणाचा म्हणून वेगळा परिणाम काही सापडला नाही. हे कोणी शेअर करत नाही, कारण याच्यावर फुलांचा फोटो लावता येत नाही.

आणि ते पाच वेळचं जेवण करणार कोण, हे त्या पोस्टमध्ये एका ओळीतही नव्हतं. आपोआप होतं बहुतेक.

दोन_लेकींचा_बाप
ताई, राग समजतो पण तुम्ही पाण्याबरोबर बाळही फेकताय. व्यसन आणि मार्क जाऊ द्या, खाण्याचं काय? २०११ मध्ये १७ अभ्यास एकत्र करून बघितलेत, १ लाख ८२ हजारांच्या वर मुलं, आठवड्यात तीन किंवा जास्त वेळा घरच्यांसोबत जेवणाऱ्यांत बिघडलेल्या खाण्याची शक्यता ३५ टक्क्यांनी कमी निघाली. म्हणजे उपाशी राहणं, मुद्दाम उलट्या काढणं ते सगळं.

मी आकड्यांवर नाही जात खरं तर. माझी मोठी १४ ची असताना ताटात नुसतं इकडचं तिकडे सरकवायची, आणि बोलायची खूप, म्हणजे आमचं लक्ष बोलण्यात राहावं. धाकटीने पकडलं. "ताई कधीपासून जेवतच नाहीये." ती खोलीत ताट घेऊन जात असती तर आम्हाला कळलं असतं वजन निम्मं झाल्यावर. दीड वर्ष गेलं त्यातून बाहेर यायला. त्यामुळे मला कोणी सांगू नका की काही फरक पडत नाही.

उरलेलं_ताट
फरक पडत नाही असं मी कुठे म्हटलं? परत वाचा. तुमच्या लेकीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तुमच्या घरात बघणारं कोणीतरी होतं, ते जास्त महत्त्वाचं. आणि ते १७ अभ्यासही बहुतेक एकाच वेळचा फोटो काढल्यासारखे आहेत, जी मुलगी खाणं लपवते ती आधी टेबलच टाळणार ना?

दोन_लेकींचा_बाप
बरं, तुम्ही जिंकलात. आम्ही आपले रोज एकत्र बसून हरतो.

मागच्या_बाकावरची
मी १६ ची आहे, म्हणजे जिच्या भल्यासाठी हे चाललंय ती. आमच्याकडे जेवण म्हणजे चौकशी आयोग. टेस्टचं काय झालं, कोणाशी बोलत होतीस, तोंड का पाडलंयस. घास घशाखाली जात नाही. आणि दुसरं, हसू नका, पण बाबा जेवताना जो मचमच आवाज करतात ना तो मला सहनच होत नाही. म्हणजे आवडत नाही असं नाही, हात थरथरतात, उठून पळावंसं वाटतं. म्हणून मी खोलीत जेवते. आई म्हणते उद्धट झालीये.

निवृत्त_पण_जागा
बापाच्या चावण्याचा त्रास होतो, बापाच्या पगाराचा होत नाही वाटतं? आमच्या वेळी असं बोललो असतो तर ताटासकट बाहेर. नाजूक झालीये सगळी पिढी. आईबाप श्वास घेतात त्याचाही त्रास होत असेल.

मागच्या_बाकावरची
काका, हो. सर्दी झाली की श्वासाचाही होतो. 😐

कान_किटले
निवृत्त काका, थांबा जरा. याला नाव आहे, मिसोफोनिया. २००१ पासून हा शब्द वापरात आहे. बहुतेकांना नेमकं वयात येताना सुरू होतं, आणि सगळ्यात जास्त त्रास घरच्यांच्याच तोंडाच्या आवाजाचा होतो, परक्याचा तेवढा नाही. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या लोकांनी हा त्रास असलेल्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले, असे आवाज ऐकवल्यावर यांच्या मेंदूतला इन्सुला नावाचा भाग बाकीच्यांपेक्षा फार जोरात पेटतो, हृदयाचे ठोके वाढतात, घाम येतो. मी ११ वर्षांचा असल्यापासून भोगतोय. माझ्या वडिलांना वाटायचं मला त्यांचा तिरस्कार आहे. ते गेले तेव्हाही त्यांना तसंच वाटत होतं. तर "नाजूक पिढी" वगैरे जरा जपून.

निवृत्त_पण_जागा
आता प्रत्येक गोष्टीला नाव निघालंय. मानसिक आजारांची ती मोठी यादी असते डॉक्टरांची, त्यात आहे का हे? नाही ना? मग.

कान_किटले
डीएसएममध्ये, म्हणजे त्याच यादीत, नाहीये, बरोबर. २०२२ मध्ये तज्ज्ञांनी बसून व्याख्या ठरवली तेवढंच. यादीत नाव यायच्या आधी दुखत नसतं का काही?

उरलेलं_ताट
अहो धागा जेवणाचा होता, चावण्याचा झालाय.

वरणावर_तूप_नको
असू दे, मला पहिल्यांदा कळलं की माझा मुलगा जेवताना हेडफोन का लावतो. मी तीन महिने त्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी टेबलावर मोबाईलबंदी केली तर तो टेबलावर यायचाच बंद झाला. आता काय करायचं सांगा कोणीतरी.

कान_किटले
हेडफोन लावू द्या. नाहीतर मागे हळू गाणी लावा, किंवा पंखा, आवाज बुडतो. समोरासमोर न बसवता शेजारी बसवा. आणि त्याला जेवायच्या वेळी "आता होतंय का" असं विचारू नका, अजून वाढतं.

दोन_लेकींचा_बाप
आणि रात्रीचंच जेवण पाहिजे असं कोणी सांगितलंय? या वयात त्यांचं झोपेचं घड्याळच तास दीड तास पुढे सरकतं, भूकही भलत्या वेळी. आम्ही मोठीबरोबर रात्री अकराला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या काहीबाही खायचो. जे काही बोलली ते तिथेच बोलली, टेबलावर कधीच नाही.

उरलेलं_ताट
म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मांडताय.

दोन_लेकींचा_बाप
अर्धं. बघणारं कोणीतरी पाहिजे हे तुमचं. पण बघायला बसावं लागतं हे माझं. उभ्याने का होईना.

निवृत्त_पण_जागा
काल मुद्दाम पंखा लावून, तोंड मिटून, सावकाश जेवलो. बायकोने विचारलं, दाढ दुखतेय का. नातू १३ चा आहे, तो नेहमी ताट उचलून टीव्हीसमोर जातो. काल बसला. भूक जास्त लागली असेल. मी काही मान्य केलेलं नाही.

मागच्या_बाकावरची
काका 🙏 हे बाबांना पाठवू का?

निवृत्त_पण_जागा
माझं नाव न सांगता.