शब्दचर्चा : 'लई घुमतंय', पण नक्की कोण घुमतंय?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

बेस गिटारसाठी घरीच स्पीकरचं कॅबिनेट बनवायला घेतलंय. बारा इंची एकच स्पीकर, आठ ओहमचा. प्लायवुड आणण्याआधी बऱ्याच जणांना विचारत फिरलो आणि दर वेळी शब्दावरच गाडी अडली. लक्ष्मीपुरीत 'बेसचा डबा' म्हटलं तर दुकानदार अठरा इंचीचे भाव सांगायला लागले. सुतारकाकांना 'पेटी' म्हटलं तर म्हणाले, बाजाची पेटी आमच्याकडं होत नाही. मित्राचं जुनं कॅबिनेट ऐकून आमचा ड्रमर म्हणाला, 'लई घुमतंय!' ते कौतुक होतं की तक्रार, हे मला अजून कळलेलं नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या वस्तूला मराठीत काय म्हणावं? आणि घुमणं हे चांगलं की वाईट?

उत्तर (उद्यमनगर)

पहिला प्रश्न आधी उरकतो. लिहिताना 'कॅबिनेट' लिही, सुताराकडं 'खोकं' म्हण आणि दुकानात 'बेस गिटारचं कॅबिनेट' असं पूर्ण म्हण. 'ध्वनिपेटिका' असलं काही घडवू नये. ज्याच्या हातात करवत आहे त्याला जो शब्द कळत नाही, तो या कामात निरुपयोगी. 'पेटी' तर हार्मोनियमनं कधीच घेतलीय, ती परत मागण्यात अर्थ नाही.

नुसता 'बेस' हा शब्द मिरवणुकीच्या साउंडवाल्यांचा आहे. त्यांच्यात 'चार बेस, चार टॉप' म्हणजे खालची चार खोकी आणि वरची चार. त्या खालच्या खोक्यांना साधारण शंभर हर्ट्झच्या खालचाच आवाज दिलेला असतो, बाकी सगळा टॉपकडं जातो. बेस गिटारला ते चालत नाही. तारेला बोट लागल्याचा आणि तार गिटारच्या पडद्यावर (फ्रेटवर) आपटल्याचा आवाज दोन-तीन हजार हर्ट्झपर्यंत जातो. तो काढून टाकला तर नुसती धडधड उरते, कुठला सूर वाजला ते कळत नाही. दुकानदारानं अठरा इंची दाखवला तो शब्दाला धरूनच.

आता दुसरा प्रश्न, खरा महत्त्वाचा. पारवे घुमतात, गाभाऱ्यात आवाज घुमतो, अंगात आलेला माणूस घुमतो. मनातलं बाहेर न काढणाऱ्याला आपण घुम्या म्हणतो. या सगळ्यांत चांगलं-वाईट क्रियापदात नाही, ते कर्त्यात आहे. 'बेस घुमतोय', 'खोकं घुमतंय', 'खोली घुमतेय' ही तीन वेगळी वाक्यं आहेत आणि तिन्हींवर करायचं काम वेगळं आहे. आपण घाईत कर्ता गाळून 'घुमतंय' म्हणतो, तिथं सगळा घोटाळा होतो. माझ्याकडं कोणी असं खोकं घेऊन आलं की मी आधी विचारतो, कोण घुमतंय? आणि प्रत्येक सुराला, की एकाच सुराला?

प्रत्येक सूर सारख्या वजनानं येत असेल आणि खाली खोल जात असेल, तर बेस घुमतोय. ती शाबासकी. बेस गिटारची सगळ्यात जाड तार, ई, मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झ देते. पाच तारांच्या गिटारची बी ३१ हर्ट्झ. कॅबिनेट तिथवर सपाट, म्हणजे सगळे सूर सारख्याच जोरानं देत, पोचलंच पाहिजे असंही नाही. त्या तारेच्या आवाजात ४१ च्या दुपटीचा, ८२ चा भाग भरपूर असतो, आणि वरचे हे सूर नीट ऐकू आले तर मूळ सूर कान स्वतः भरून काढतो. अँपेग कंपनीचं एसव्हीटी हे बेसचं अँप १९६९ मध्ये आलं, त्याचं आठ दहा-इंची स्पीकरांचं कॅबिनेट चारी बाजूंनी बंद असतं. ते ४१ हर्ट्झ सपाट देत नाही, तरी रॉकच्या बेसचा आवाज म्हटलं की आजही माणसं त्याच्याकडं बोट दाखवतात.

ठरावीक पट्ट्यातले सूर फुगून येत असतील, बहुतेक वेळा १०० ते २०० च्या दरम्यान, तर खोकं घुमतंय. त्याची कारणं दोन. एक म्हणजे आतली हवा. बंद खोक्यातली हवा स्प्रिंगचं काम करते आणि खोकं लहान तेवढी स्प्रिंग ताठ. स्पीकर आणि ही स्प्रिंग मिळून एक आकडा ठरतो, त्याला क्यूटीसी म्हणतात. तो ०.७ च्या आसपास असेल तर आवाज सपाट राहून मग उतरतो. १.२ झाला तर उतरण्याआधी जवळजवळ अडीच डेसिबलचा उंचवटा येतो. दुकानात उभं राहून ऐकताना हा उंचवटा लोकांना आवडतो. बँडमध्ये ड्रम आणि गिटार सुरू झाली की त्याचाच चिखल होतो.

दुसरं कारण फळी. त्यावर सुतारकाम करणाऱ्यांनी बोलावं.

उत्तर (कळंबा रोड)

फळीबद्दल सांगतो. १२ एमएममध्ये खोकं करून घ्यायला येतात, हलकं हवं म्हणून. करू नका. १८ एमएम घ्या. बीडब्ल्यूआर ग्रेडचा (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) प्लाय पुरतो, त्याहून भारी ७१० मरीन घेतला तर उत्तमच, पण वजन आणि पैसे दोन्ही वाढतात. एमडीएफ आवाजाला वाईट नाही, पण टेम्पोत चढवता-उतरवता कोपरे फुटतात आणि पाणी लागलं की फुगतो. आपल्याकडचा पाऊस बघता बाहेर नेणाऱ्यानं तो टाळावा.

आमच्यात फळी 'बोलते' म्हणतात. खोकं जोडून झालं की मुठीनं सगळीकडं ठोकून बघायचं. 'ठक्' असा कोरडा आवाज आला तर ठीक. 'ढुम्म' आला तर ती फळी बोलतेय, तिला आतून आडवी पट्टी मारा. पट्टी बरोबर मधोमध मारू नका, थोडी एका अंगाला घ्या. मधोमध मारली की दोन सारखे भाग होतात आणि दोन्ही एकाच सुरात बोलतात. पाठीमागच्या फळीला लोक विसरतात, जास्त बोलते तीच.

सांध्याला फेविकॉल भरपूर, स्क्रू सहा इंचांवर, आणि आतून सगळे सांधे सिलिकॉननं बंद. फट राहिली तर आवाज करकरतो आणि माणूस स्पीकरला दोष देतो.

उत्तर (मंगळवार पेठ)

उद्यमनगरच्या काकांनी 'बेस घुमतोय' ही शाबासकी म्हटलं. तिच्यासाठी आपल्याकडं आधीपासून एक नेमका शब्द आहे, तो इथं यायला हवा : खर्ज. षड्जावरूनच तो झाला. तानपुऱ्याची सगळ्यात खालची तार ती खर्जाची, सकाळी खालच्या सुरांत करतात तो खर्जाचा रियाज, आणि भारदस्त आवाजाच्या माणसाला आपण 'आवाजात खर्ज आहे' म्हणतो. या शब्दात तक्रार कधीच नसते. घुमण्यात असू शकते, खर्जात नाही.

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तानपुरा घेतला तर खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या जवळ लागते. म्हणजे बेस गिटारची ई त्याहून बरीच खाली आहे. तरी तानपुरा ऐकताना खर्ज पोकळ वाटत नाही, कारण जवारीमुळं, म्हणजे तार घोडीला हलकेच घासत राहते त्यामुळं, त्या तारेतून वरचे सूर भरभरून निघतात. काकांनी ४१ आणि ८२ बद्दल लिहिलं ते तानपुऱ्यावर रोज ऐकू येतं.

गायक अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात राहिले आणि गाण्याची संस्था देवल क्लब १८८३ पासून जिथं उभा आहे, त्या गावच्या मुलाला 'डीप बेस' म्हणावं लागू नये. 'मला घुमणारं नको, खर्ज असलेलं हवं' एवढं म्हटलं तरी ऐकणाऱ्याला कळेल.

प्रश्नकर्ता

ताई, हे एकदम पटलं. काका, माझ्या स्पीकरच्या कागदावर असे आकडे आहेत : एफएस ४५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.३८, व्हीएएस ८० लिटर. यातून खर्ज मिळेल का? खोकं सगळीकडून बंद करू, की हवा जायला पाइप बसवलेलं?

उत्तर (उद्यमनगर)

ताईंचा खर्ज मी आजपासून वापरणार.

तुझे आकडे चांगले आहेत. हे आकडे कागदावर मिळतात त्याचं श्रेय दोघांचं. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये पाइपाच्या खोक्याचं गणित मांडलं आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढं नेलं. म्हणून यांना थील-स्मॉलचे आकडे म्हणतात. त्याआधी बरंचसं काम खोकं करून, ऐकून, पुन्हा कापून चालायचं.

एफएस म्हणजे मोकळा स्पीकर स्वतःहून जिथं सगळ्यात सहज हलतो तो सूर. व्हीएएस म्हणजे किती लिटर हवेची स्प्रिंग त्या स्पीकरच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकी ताठ होते. क्यूटीएस म्हणजे स्पीकरवर लगाम किती. आकडा लहान तर लगाम घट्ट.

बंद खोकं केलंस तर ०.७ चा क्यूटीसी सुमारे ३२ लिटरला येतो. खोकं छोटं, आवाज आटोपशीर, पण ८४ हर्ट्झच्या खाली उतार लागतो. तो उतार हळू असतो, सप्तकाला १२ डेसिबल. पाइपाचं केलंस तर ०.३८ हा फार सोयीचा आकडा आहे : ५७ लिटर हवा आणि पाइप ४५ ला लावायचा, की आवाज ४५ पर्यंत जवळजवळ सपाट येतो. त्याखाली मात्र उतार दुप्पट, सप्तकाला २४ डेसिबल. आणि पाइपाच्या सुराखाली स्पीकरला हवेचा आधार उरत नाही, स्पीकरचा पडदा (कोन) मोकाट हलतो आणि आवाज फाटतो. चार तारांच्या गिटारला मी पाइपाचं सांगेन. पाच तारांची घेणार असशील तर अँपमध्ये ३५-४० च्या खालचं कापायची सोय आहे का ते आधी बघ.

'पाइप लावायचा' म्हणालो तो दोन्ही अर्थांनी. तानपुरा लावतात तसा पाइपही सुरात लावायचा असतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक सूर निघतो, तसंच हे आहे. बाटलीचं पोट म्हणजे खोकं आणि मान म्हणजे पाइप. पोट मोठं किंवा मान लांब केली की सूर उतरतो, मान रुंद केली की चढतो. पाण्याचा चार इंची पीव्हीसी पाइप घे. आतला व्यास १०.२ सेंमी धरला तर ५७ लिटरला ४५ हर्ट्झसाठी लांबी पावणेचौदा सेंमी येते. तुझ्या पाइपाचा आतला व्यास मोजून हिशेब पुन्हा कर, कंपनीगणिक फरक असतो. पाइप आधी सोळा-सतरा सेंमीचा काप आणि मग थोडा थोडा कमी करत जा, कारण कापलेला जोडता येत नाही.

बरेच जण 'दोन पाइप लावू, हवा मोकळी जाईल' म्हणतात. विचार चांगला, पण दोन लावले तर तोच सूर ठेवायला प्रत्येकाची लांबी ३५ सेंमीच्या जवळ जाते. तुझ्या खोक्यात ते मावणार नाहीत.

माप : आतून ३६ सेंमी रुंद, ५० उंच, ३५ खोल. ६३ लिटर होतात. त्यातले पाच-सहा लिटर स्पीकर, पाइप आणि आडव्या पट्ट्या खातात, उरतात ५७. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये सगळं बसून वर तुकडे उरतात. स्पीकर लाकडाच्या स्क्रूवर टांगू नकोस, टी-नट (फळीत ठोकून बसवायचा आट्यांचा नट) ठोकून बोल्टनं आवळ. पाठीमागच्या आणि एका बाजूच्या फळीला फोम लाव, पाइपाच्या आतल्या तोंडाजवळ काही नको.

प्रश्नकर्ता

आज मित्राचं जुनं खोकं पुन्हा ऐकलं, या वेळी कर्ता शोधत. त्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत जाड तारेवरचा तिसऱ्या पडद्याचा जी वाजवला की भिंत हलते, शेजारचे सूर मात्र साधे येतात. ठोकून बघितलं तर फळ्या 'ठक्' करतात. मग ते घुमणं कोणाचं?

उत्तर (उद्यमनगर)

खोलीचं. बारा फुटांत आवाजाची अर्धी लाट बसते ती ४७ हर्ट्झची, आणि तो जी ४९ चा. दहा फुटांच्या बाजूला ५६-५७ येतं, म्हणजे पाचव्या पडद्याचा ए, ५५ चा, तोही थोडा फुगत असणार. वाजवून बघ. तिथं करवत चालवून काही होणार नाही. खोकं कोपऱ्यातून काढून भिंतीच्या मधल्या भागाकडं सरकवा, भिंतीपासून थोडं पुढं घ्या. तेच खोकं अंगणात नेऊन ऐका. तिथं जी इतर सुरांसारखाच आला तर ड्रमरला सांग की खोली घुमत होती.

प्रश्नकर्ता

ए पण फुगतोय, कमी, पण फुगतोय. खोकं उद्या बाहेर काढून बघतो. एक शब्द राहिला. जोरात वाजवलं की पाइपातून हवेचा जो आवाज येतो, त्याला काय म्हणता?

उत्तर (कळंबा रोड)

आम्ही 'फुसकारतंय' म्हणतो. पाइपाच्या दोन्ही तोंडांची धार कानशीनं मारून गोल करा, बराच कमी होतो. बाहेरचं तोंड फळीशी सपाट बसवा आणि फळीचीही कड गोल करा. एवढं करूनही फुसकारलं तर पाइपाला आवाज झेपत नाही, तेव्हा मोठ्या व्यासाचा घ्यावा लागेल आणि लांबीचा हिशेब पुन्हा.