पाळकांनी आपले मन कुणाजवळ मोकळे करावे?

प्रश्न:
माझे थोरले बंधू बरीच वर्षे एका ख्रिस्ती मंडळीचे (चर्चच्या सभासदांचे) पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, आहेत. आजाऱ्यांच्या भेटी, अंत्यविधी, घराघरांतील भांडणांत मध्यस्थी, हिशेब आणि रविवारचे प्रवचन हे सारे त्यांच्या एकट्याच्या अंगावर असते. काही महिन्यांपासून त्यांची झोप उडाली आहे आणि प्रार्थनेतही मन लागत नाही. मंडळीत सांगितले तर लोकांचा विश्वास ढळेल आणि वरिष्ठांना सांगितले तर बदली होईल, या धास्तीने ते गप्प राहतात. त्यांनी कुणाकडे जावे?

प्रतिसाद १:
सर्वप्रथम डॉक्टरांकडे, आणि तेही लवकर. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या थकव्याला, आजार न मानता कामाशी निगडित अवस्था मानले आहे. नैराश्य हा मात्र आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. हा फरक घरच्यांना ओळखता येत नाही. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यातील मेथॉडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या पाळकांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दूरध्वनी मुलाखतींतून नैराश्याचे प्रमाण ८.७ टक्के आढळले, तर तुलनेसाठी घेतलेले राष्ट्रीय प्रमाण ५.५ टक्के होते. तुमचे बंधू एकटे नाहीत, हे त्यांना जरूर सांगा.

प्रतिसाद २:
मी कॅथलिक धर्मगुरू आहे. आमच्या धर्मसंहितेचा ५३३वा नियम धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या हद्दीतील भाविकांच्या समुदायाच्या) प्रमुख धर्मगुरूला वर्षाला एक महिन्यापर्यंत रजा देतो, पण जागेवर दुसरा धर्मगुरू मिळाला नाही तर ती कागदावरच राहते. आमची खरी अडचण अशी की ज्यांच्याशी रोजचा सहवास असतो त्यांचीच आम्ही सेवा करतो आणि ज्यांना आमचे काम कळते त्यांच्याच हाती आमची नेमणूक असते. म्हणून आधार या दोन्ही वर्तुळांबाहेरचा हवा. पापनिवेदनाची (धर्मगुरूपुढे पापे कबूल करण्याची, म्हणजे कन्फेशनची) गुप्तता अभंग असली तरी तो संस्कार पापक्षमेसाठी आहे, आणि थकवा हे पाप नव्हे. मला दुसऱ्या पंथांतील पाळकांच्या एका लहान गटाने सावरले. तिथे कुणी कुणाचा वरिष्ठ नव्हता.

प्रतिसाद ३:
पाळकाची पत्नी म्हणून एवढेच सुचवते की त्यांच्याशी भाऊ म्हणून बोला, सल्ला मागू नका. आठवड्याची सुट्टी आणि त्या दिवशी येणारे फोन कोण घेणार, हे मंडळीच्या समितीकडून लेखी ठरवून घ्या. जगणे नकोसे झाल्याचे ते कधी बोललेच, तर त्यांना एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.