विज्ञान दिनाला कमलाबाईंवर बोलताना रामन यांचा नकार वगळायचा का?

रामबागकर:
28 फेब्रुवारीला आमच्या इंदूरच्या वाचनालयात मुलांसाठी जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींवर कार्यक्रम ठरतोय. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण, 1911 मध्ये आपल्या इंदुरातच जन्मलेल्या. समितीतल्या एकांचं म्हणणं, रामन परिणामाच्या दिवशी रामन यांनी नाकारलेल्या प्रवेशाचा विषय नको. मला हे मुळीच पटत नाही. मुंबई विद्यापीठाची 1933 सालची बी.एस्सी., वडील आणि काका बंगळूरच्या ज्या विज्ञान संस्थेत शिकलेले तिथेच अर्ज केला, तरी संचालक रामन म्हणाले, मुलींना घेत नाही. कमलाबाईंनी सत्याग्रहाची भाषा केली तेव्हा कुठे प्रवेश मिळाला, तोही अटींवर: पहिलं वर्ष चाचणीचं, आणि त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. हे मुलींपासून लपवायचं कशासाठी?

माजी शिक्षक, लोकमान्य नगर:
लपवू नका, पण त्याभोवतीच कार्यक्रम उभा करू नका. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय. मुलांच्या लक्षात भांडण राहतं, विज्ञान निसटतं. केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवून दिलं की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे प्रथिन असतं आणि ते श्वसनक्रियेत भाग घेतं. 1939 मध्ये पीएच.डी., प्रबंध अवघा 40 पानांचा! यावर कोणी अवाक्षर काढत नाही.

आहारतज्ज्ञ:
आणि मुंबईतलं काम कुठे गेलं? कच्च्या वालात प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारा घटक असतो. कमलाबाईंनी सहकाऱ्यांसोबत तो वेगळा काढून स्फटिकरूपात मिळवला. 1950च्या दशकातलं हे संशोधन. वाल भिजवून, मोड आणून, सोलून नीट शिजवायचे हे घरोघरी बायकांना ठाऊक. शिजवल्याने काय साधतं, ते मुलांना इथून समजावता येईल. नीरेवरचं कामही तसंच, कुपोषित मुलांच्या आहाराशी जोडलेलं. मात्र सरांशी एका बाबतीत असहमत: इतकं करूनही मुंबईच्या विज्ञान संस्थेचं संचालकपद त्यांना फार उशिरा मिळालं. बंगळूरचा नकार हा एकाच माणसाच्या स्वभावाचा प्रश्न नव्हता.

माळवी वाचक:
फलकावर ‘विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री’ लिहू नका. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना 1931 मध्येच मिशिगनची डी.एस्सी. मिळाली होती.

रामबागकर:
बरोबर, ते काढायला सांगतो. कमलाबाईंचं मोठेपण त्या ‘पहिल्या’वर अवलंबून नाही.

माजी शिक्षक, लोकमान्य नगर:
रामन यांच्या बाबतीतही न्याय व्हावा. पुढे 1940 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ॲना मणी त्यांच्याच प्रयोगशाळेत आल्या, हिरे-माणकांच्या वर्णपटांवर काम केलं. माणूस बदलला, हेही सांगा.

रामबागकर:
जरूर सांगू. पण मग हेही सांगावं लागेल की एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने मणींना डॉक्टरेट दिली नाही. आणि रामन बदलले ते आपोआप नव्हे. कमलाबाईंनी तिथे राबून 1936 मध्ये एम.एस्सी. मिळवून दाखवली, त्यानंतर. रामन यांच्या अटी मी मुलींकडूनच वाचून घेणार आहे.

माजी शिक्षक, लोकमान्य नगर:
वाचून घ्या. माझा विरोध वेळेच्या वाटपाला आहे. नकाराला दहा मिनिटं, वालाला अर्धा तास. मोड आलेले वाल मी आणतो, सोलायला मुलगेही बसतील.