मोसंबी, सीताफळाची जेली कडू होते. मुलांसाठी चिवट जेली-गोळी कोणत्या फळाची करावी?

जालना_बाग
मुलांना चघळता येतील अशा फळांच्या जेली-गोळ्या घरी करायच्या आहेत. हाताशी मोसंबी आणि बालाघाटचं सीताफळ आहे, उन्हाळ्यात केसर आंबाही. मोसंबीचा रस आटवला की कडू लागतो. चायना ग्रास घालून वड्या पडतात, पण दाताखाली तुटतात, चिवटपणा येत नाही. जिलेटिन प्राण्यांपासून बनतं, ते नको. फळ बदलावं की कृती?

गरवाला
दोन्ही बदला. मोसंबीच्या पांढऱ्या सालीत आणि बियांत एक बेचव द्रव्य असतं. रस काढल्यावर आम्लामुळे त्याचं कडू लिमोनिन होतं, उष्णतेनं हे आणखी लवकर घडतं. साखर वाढवून ते झाकलं जात नाही. जालन्याची मोसंबी ताजी प्यावी, जेलीसाठी फक्त वरची पिवळी साल किसून शेवटी वासापुरती घालावी. सीताफळाचा गरही तापवला की कडवट आणि गुलाबी-तपकिरी होतो. तो गोठवून रबडी, आईस्क्रीमला ठेवा.

चायना ग्रासचा पोत मुळात ठिसूळ, प्रमाण वाढवलं तर आणखी तुटेल. चिवटपणासाठी पेक्टिन घ्या, म्हणजे फळांतलं जेली धरवणारं द्रव्य. ते हाय मेथॉक्सिल (साखर आणि आम्लानं धरणारं), स्लो सेट (सावकाश धरणारं) प्रकारचं हवं. लो मेथॉक्सिलला कॅल्शियम लागतं, त्याचं गणित वेगळं.

केसर_पाक
केसरचं प्रमाण देतो: गाळलेला गर ५०० ग्रॅम, साखर ३५० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज १०० ग्रॅम, पेक्टिन १२ ग्रॅम, सायट्रिक ॲसिड ४ ग्रॅम.

पेक्टिन थेट गरात टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या नंतर विरघळत नाहीत. म्हणून ते आधी ६०-७० ग्रॅम कोरड्या साखरेत नीट मिसळा, मग कोमट गरात भुरभुरत घोटा. एक उकळी आल्यावर उरलेली साखर आणि ग्लुकोज घाला. ग्लुकोज वगळू नका, त्याशिवाय साखरेचे खडे धरतात.

ॲसिड अगदी शेवटी, दोन चमचे गरम पाण्यात विरघळवून. आधी घातलं तर पातेल्यातच जेली धरू लागते. घातल्यावर दोन-तीन मिनिटांत तूप लावलेल्या ताटात ओता. आम्ल कमी पडलं तरी धरत नाही, पीएच (आंबटपणाचं माप) ३.२ ते ३.५ लागतो.

जालना_बाग
किती आटवायचं ते कसं कळेल? थर्मामीटर नाही. आणि पेक्टिन मिळालं नाही तर?

गरवाला
वजनकाटा पुरे. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा. वरच्या प्रमाणात मिश्रण ७०० ग्रॅमच्या आसपास आलं की थांबा, तेव्हा घन भाग ७५-७६ टक्के होतो. त्याआधी उतरवलं तर मऊ राहील आणि बुरशी लवकर येईल. थर्मामीटर आणलात तर पुस्तकातला आकडा जसाच्या तसा धरू नका. आपल्याकडे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे पाणीच १०० अंशांच्या थोडं खाली उकळतं. आधी साधं पाणी उकळून आकडा बघा, त्यावर ७ ते ८ अंश आले की झालं.

पेक्टिन नसेल तर पेरू. त्यात ते मुळातच भरपूर असतं. पिकून मऊ झालेला नको, हिरवट-पिवळा कडक घ्या. फोडी शिजवून बिया चाळणीतून काढा. एक किलो गराला ७५० ग्रॅम साखर, २ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, चिमूटभर मीठ, शेवटी चमचाभर तूप. मिश्रण साधारण ११०० ग्रॅमवर आलं की ताटात थापा.

केसर_पाक
कापायची घाई नको. दिवसभर जाळी झाकून पंख्याखाली सुकू द्या, मग सुरीला तेल लावून कापा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हे सहज जमतं. पावसाळ्यात वड्या हवेतलं पाणी ओढून पाझरतात, तेव्हा वरून थोडी भाजलेली कॉर्नफ्लोअर चोळून लगेच हवाबंद डब्यात भरा. साखर आणि ॲसिडचं आंबट-गोड लेपण पावसाळ्यात अजिबात करू नका, त्यालाच आधी पाणी सुटतं.

चार वर्षांखालच्या मुलांना हे देऊ नका, गोल चिवट गोळी घशात अडकते. मोठ्या मुलांसाठीही बारीक पट्ट्याच कापा, आणि खाल्ल्यावर चूळ भरायला लावा. दातांना चिकटून राहणारी साखर हीच आहे.