मदत हवी आहे: रेडिएशन चालू असताना ग्रीन टीच्या कॅप्सूल द्याव्यात का?

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावचे. मावशीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता मिरजेला रेडिएशन चालू आहे. काखेजवळची कातडी लाल होऊन चुरचुरतेय. एका पाहुण्यांनी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्यात, "चांगल्या पेशी वाचतात" म्हणे.

मी थोडं वाचलं. ग्रीन टीतल्या ईजीसीजी या घटकाचा फवारा चीनमध्ये अशाच 165 बायकांच्या त्वचेवर वापरून पाहिला, निकाल 2022 साली आले. त्वचेचा मध्यम किंवा जास्त दाह फवारा मारलेल्यांत 50.5 टक्के, औषध नसलेला फवारा मारलेल्यांत 72.2 टक्के. पण तो बाहेरून मारायचा फवारा, पोटात घ्यायची गोळी नव्हे! उलट बोर्टेझोमिब या मायलोमावरच्या (हा रक्ताचा एक कॅन्सर) औषधाला हाच घटक निकामी करतो, असं 2009 मध्ये प्रयोगशाळेत आणि उंदरांत दिसलं. मावशीला ते औषध नाही, तरी धास्ती वाटते. शिवाय दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गोळ्यांतून गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. आमच्या बाटलीवर प्रमाणच छापलेलं नाही.

सध्या बाटली मी कपाटात ठेवलीय. पाहुणे रोज फोन करून विचारतात, हा वेगळाच ताप.

सांगली-मिरजेकडे कुणी रेडिएशन घेतलंय का? डॉक्टरांनी साधा कपभर ग्रीन टी चालेल म्हणून सांगितलं होतं का? आणि कातडीला काय लावायला दिलं? सोमवारी डॉक्टरांना भेटायचंय, तिथं नेमकं काय विचारू तेही सुचवा.